बांधणी : डेस्मंड मर्गट्रॉइड

मी हात वर केला तो बिस्किटासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष लोक माझ्या महत्त्वाकांक्षेला देतात, आणि ती मला कधीच नव्हती. (भूक होती.)

आमच्या क्रॉसबेक मॉडेल रेल्वे क्लबची सभा दर मंगळवारी संध्याकाळी चॅपलमागच्या हॉलमध्ये भरते. आम्ही एकोणीस जण, सगळे साठीच्या पुढचे. टेबलावर मावतील एवढ्या आगगाड्या आणायच्या, पळवायच्या आणि त्यांच्यावरून भांडायचं, हा आमचा कार्यक्रम. त्या मंगळवारी आमचे अध्यक्ष मिस्टर हेपवर्थ विचारत होते, "या वर्षी प्रदर्शनात हातानं बांधलेलं इंजिन कोणाचं येणार? आहे का कोणी?" नेमका त्याच वेळी बिस्किटांचा डबा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला होता. मला आल्याचं बिस्किट हवं होतं. मी हात वर केला.

"मर्गट्रॉइड!" हेपवर्थ चक्क उठून उभे राहिले. ते ऐंशीच्या पुढचे आहेत, एरवी राष्ट्रगीतालाच काय ते उठतात. "अकरा वर्षांनी! झालं एकदाचं तुमचं इंजिन पुरं?"

"नाही हो, मला बिस्किट हवंय," असं मी म्हणायला हवं होतं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि माझ्यासाठी शेवटच्या टाळ्या वाजल्या त्या मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा. (त्यातही काही जण नुसते सुटकेनं वाजवत होते.) मी म्हटलं, "जवळजवळ."

बिस्किट मिळालंच नाही.

आता आमच्यातल्या दोन जातींबद्दल थोडं सांगायला हवं. एक जात कारागिरांची. हे लोक पितळेच्या पत्र्याचे तुकडे आणतात, कापतात, वाकवतात, सोल्डर करतात, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधतात, आणि त्यातून इंजिन उभं करतात. दुसरी जात डबाफोड्यांची. हे लोक दुकानातून तयार इंजिन आणतात, डबा फोडतात, रुळावर ठेवतात आणि पाच मिनिटांत आनंदात असतात. कारागीर डबाफोड्यांकडे किती तुच्छतेनं बघतात ते सांगता येणार नाही. प्रदर्शनात प्रत्येक इंजिनाशेजारी एक छोटं कार्ड उभं असतं. तयार इंजिन असेल तर त्यावर लिहितात, 'मालक : अमुक'. हातानं केलेलं असेल तर, 'बांधणी : अमुक'. त्या एका शब्दासाठी मी अकरा वर्षं घालवली होती.

माझ्या इंजिनाच्या किटमध्ये एकशे चौऱ्याऐंशी तुकडे होते. सोबत सूचनांचा एक कागद होता आणि त्यात सतरा ठिकाणी 'नेहमीप्रमाणे जोडावे' असं लिहिलेलं होतं. हे नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्याकडे अवस्था अशी होती की छप्पर सोल्डर केलं की बाजूची भिंत सुटायची. भिंत सोल्डर केली की धुराडं गळून पडायचं. धुराडं बसवलं की छप्पर. अकरा वर्षं मी या तीन स्टेशनांमध्ये शटल मारत होतो. एक चाक व्हॅक्यूम क्लीनरनं खाल्लं ते वेगळंच.

घरी आल्यावर मी बायकोला, म्हणजे ॲव्हरिलला, सगळा प्रकार सांगितला. ती स्वयंपाकघरात इस्त्रीच्या टेबलावर वाकून तिची कानातली करत बसली होती. गेली चार वर्षं दर गुरुवारी ती कॉलेजात चांदीचे दागिने बनवण्याच्या वर्गाला जाते. तिला बसायला जागा नाही, कारण घरातली मागची खोली माझ्या कामाला लागलेली. माझ्या कामाची आणि तिच्या कानातल्यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे मी तिला एकदा शांतपणे समजावून सांगितलं होतं. (एकदा नाही. बरेचदा.)

"प्रदर्शन कधी आहे?" तिनं मान वर न करता विचारलं.

"सहा आठवड्यांनी. शनिवारी."

"मग आता एकदाचं ठरवून टाकू. त्या शनिवारी तुझ्या नावाचं ते 'बांधणी'चं कार्ड उभं राहिलं, तर मागची खोली तुझी. कायमची. मी पुन्हा अक्षर काढणार नाही."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर खोली माझी. इस्त्रीच्या टेबलावर वाकून वाकून माझी कंबर मोडली, डेस्मंड. मी एकसष्ट वर्षांची आहे. मला एक टेबल हवंय. ज्याला स्वतःचे पाय आहेत असं."

ती चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो. पण ती नुसती दमलेली होती, आणि मीही. चाळीस वर्षं संसार केल्यावर माणसं भांडणं सुद्धा बसूनच करतात. मी म्हटलं, "ठीक आहे."

पहिले दोन आठवडे मी खरोखर झटलो. चौदा दिवसांत छप्पर पाच वेळा, भिंत सहा वेळा आणि धुराडं नऊ वेळा सुटलं. पंधराव्या दिवशी मी सगळे तुकडे शॉर्टब्रेडच्या रिकाम्या डब्यात भरले, झाकण लावलं, डबा मागच्या खोलीत फळीवर ठेवला आणि क्लाइव्ह बिन्सकडे गेलो.

क्लाइव्ह हा आमच्या क्लबातला सर्वांत मोठा डबाफोड्या. त्याच्याकडे चाळीस तयार इंजिनं आहेत आणि चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही. त्यानं माझ्यापुढे चहा ठेवला आणि कॅटलॉग उघडला.

"हे बघ. तुझंच इंजिन. गेल्याच वर्षी तयार निघालंय."

"तेच?"

"हुबेहूब. डेस्मंड, अरे, मला आगगाड्या बघायला आवडतात. तुला आवडतं ते काय? बोटं भाजून घेणं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो, आणि इंजिन त्याच्या पत्त्यावर मागवलं.

ते आलं तेव्हा मी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावून टाकलं. इतकं सुंदर होतं ते. एकेक रिव्हेट मोहरीपेक्षा बारीक. नंबर असा सुबक लिहिलेला की भिंगातूनही रेघ हललेली दिसेना. हे मी बांधलंय असं हेपवर्थना सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं. अख्ख्या क्लबाला माझा हात माहीत होता. तेव्हा ते इंजिन माझं वाटायला हवं असेल तर एकच उपाय होता. ते बिघडवायला हवं होतं.

मागच्या खोलीत हे करता येणार नव्हतं, कारण ॲव्हरिल कधीही डोकावली असती. म्हणून मी तिला सांगितलं, "आता मी बागेतल्या शेडमध्ये काम करणार. तिथं उजेड चांगला येतो."

आमच्या शेडला एकच खिडकी आहे आणि तिच्यावर गेली नऊ वर्षं वेल चढलेला आहे. तरी ॲव्हरिल म्हणाली, "जा की. चहा थर्मासमध्ये आणून देईन. घाई करू नकोस." चाळीस वर्षांत तिनं मला शेडमध्ये चहा आणून दिला नव्हता. मला भरून आलं. (मला आणखी काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही.)

मग रोज सकाळी मी शेडमध्ये जाऊन एका चांगल्या इंजिनाची वाट लावू लागलो. आधी धुराडं वाकवलं, जरासंच, डावीकडे. मग बाजूची दांडी उपटली आणि परत चिकटवली, ती लाटेसारखी आली. सांध्यांवर चंदेरी रंग मिसळलेल्या गोंदाचे थेंब टाकले, सोल्डर सांडल्यासारखे. वरून ब्रशनं काळा रंग दिला आणि त्यात ब्रशचे दोन केस मुद्दाम राहू दिले. चांगली वस्तू बिघडवायलाही कसब लागतं, आणि ते माझ्याकडे भरपूर होतं. पण खरं सांगतो, दर सकाळी मी थोडा जास्तच दमून बाहेर येत होतो. न येणारं काम करून माणूस थकत नाही इतका, जितका हे करून थकतो.

त्या दिवसांत घरात दोनतीन बारीकसारीक गोष्टी घडल्या. माझी सर्वांत बारीक कानस सापडेना. ॲव्हरिलच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाली, "ओव्हन." आणि मागच्या खोलीतून मला एकदा सोल्डरचा वास आला. अकरा वर्षांत तो वास भिंतींतच मुरला असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

प्रदर्शनाचा शनिवार उगवला. आदल्या दिवशीच मी माझं बिघडवलेलं इंजिन एका खोक्यात घालून स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. सकाळी ॲव्हरिलनं ते खोकं भांडी पुसायच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मला ते जरा जड लागलं. मनावरचं ओझं असावं, असं मला वाटलं.

हॉल भरून गेला होता. क्लबाचा मोठा देखावा मधोमध मांडला होता, डोंगर, बोगदा, स्टेशन आणि दोन पदरी रूळ. भोवती दोरी बांधलेली, आणि दोरीला खेटून क्रॉसबेकमधली निम्मी जनता. गाड्या चालवायचं काम क्लाइव्हकडे होतं. मी फडक्यासकट खोकं त्याच्या हाती दिलं आणि लांब जाऊन भिंतीला टेकलो. ॲव्हरिल नेहमीप्रमाणे दुसऱ्या टोकाला चहाच्या बंबामागे उभी होती. क्लबातल्यांच्या बायका तीस वर्षं तिथंच उभ्या असतात. असा काही नियम नाही, पण बंबाला नियम लागत नाहीत.

मग लोकांच्या पाठींमधून मला माझं इंजिन दिसलं. तीन डबे ओढत ते बोगद्यातून बाहेर आलं, इतकं शांत, इतकं सावकाश, की पुढच्या रांगेतली एक बाई "अगं बाई!" म्हणाली. शेजारी कार्ड उभं होतं. 'बांधणी : डेस्मंड मर्गट्रॉइड'. ते वाचून माझे डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांना दिसलं की धुराडं सरळ आहे.

मी क्लाइव्हला गाठलं. "धुराडं कोणी सरळ केलं?"

"कोणी नाही. मी फक्त रुळावर ठेवलं. अरे, काय गोड चालतंय! तू माझ्याकडून कशाला मागवलंस मग? हे तर—"

"हळू बोल!"

"मी काही बोललोच नाही," क्लाइव्ह मोठ्यानं म्हणाला.

चार वाजता हेपवर्थ लहानशा व्यासपीठावर चढले, खिशातून पांढरा रुमाल काढला, त्याची चौकोनी घडी केली आणि डाव्या तळहातावर ठेवली. तो रुमाल पाहिला आणि मी हातातला चहा खाली ठेवून व्यासपीठाकडे सरकायला लागलो. कारण आमच्याकडे एक जुनी रीत आहे. प्रदर्शनातलं सर्वांत चांगलं हातानं बांधलेलं इंजिन अध्यक्ष सगळ्यांसमोर उलटं करतात आणि खालची बाजू दाखवतात. वरून कोणीही फसवेल, खालून नाही, असं हेपवर्थ म्हणतात. मग ते बांधणाऱ्याला विचारतात, सर्वांत अवघड सांधा कोणता, आणि तो कसा जोडला? उत्तर आलं की बक्षिसाचा कप मिळतो. गेली चार वर्षं हातानं बांधलेलं इंजिनच आलं नव्हतं. म्हणून मी रीत साफ विसरलो होतो आणि सगळी तोडफोड फक्त वरच्या बाजूला केली होती. खाली कंपनीचं नाव कोरलेलं होतं. त्याखाली मॉडेलचा नंबर. आणि त्याखाली, 'तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये.'

माझं पितळ उघडं पडायला आता अर्धं मिनिट होतं, आणि ते पितळही नव्हतं, प्लॅस्टिक होतं.

"मिस्टर हेपवर्थ," मी पुढे धावलो, "त्याला जरा विश्रांती देऊ या. दिवसभर धावलंय."

"आणि आम्ही अकरा वर्षं वाट पाहिलीय," ते म्हणाले आणि क्लाइव्हनं आणून दिलेलं इंजिन त्यांनी उलटं केलं.

मी डोळे मिटून घेतले. मग हेपवर्थचा आवाज आला, बारीक आणि घोगरा. "मर्गट्रॉइड, अहो, हे... हे फार देखणं आहे."

मी डोळे उघडले. रुमालावर पितळ होतं. स्वच्छ, सोनेरी. त्यावरचा एकेक सांधा केसाएवढा बारीक, कुठं थेंब नाही, कुठं डाग नाही. व्हॅक्यूम क्लीनरनं खाल्लेल्या चाकाच्या जागी नवं चाक होतं. ते माझं किट होतं. एकशे चौऱ्याऐंशी तुकडे, आणि सगळे एकमेकांना धरून बसलेले.

"आता सांगा," हेपवर्थ म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "सर्वांत अवघड सांधा?"

डोकं चालेना. तोंड मात्र चाललं. "छप्पर."

"कसा जोडला?"

"बाहेरून... चांगला लाल होईपर्यंत तापवायचा. आणि सोल्डर सढळ हातानं."

चहाच्या बंबामागे एक बशी फुटली.

"बाहेरून?" ॲव्हरिल म्हणाली. तिच्या एका हातात किटली तशीच होती. "बाहेरून तापवलं तर पत्रा लाटेसारखा होतो! आतून तापवायचं असतं. आणि आधी जोडलेल्या सांध्यावर ओल्या कापडाची चिंधी ठेवायची, म्हणजे एक जोडताना दुसरा सुटत नाही. आणि सोल्डर टाचणीच्या डोक्याएवढं. सढळ हातानं? इथं लोक ऐकताहेत, उद्या घरी जाऊन करतील!"

हेपवर्थ उलटं इंजिन तळहातावर घेऊन तिच्याकडे वळले.

"मिसेस मर्गट्रॉइड, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

आपण जास्त बोललो हे तिला तेव्हा कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कार्डाकडे. "डेस्मंडच सांगत असतो घरी," ती म्हणाली. "आज घाबरलाय तो. एवढ्या लोकांपुढे बोलायची सवय नाही ना त्याला."

आणि किटली धरलेल्या हाताचं पट्टी बांधलेलं बोट तिनं दुसऱ्या हातानं झाकून घेतलं.

मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. कप माझा, कार्ड माझं, खोली कायमची माझी, आणि ती जन्मभर इस्त्रीच्या टेबलावर. माझ्याइतका भित्रा माणूस यॉर्कशायरमध्ये दुसरा नसेल, पण त्या दिवशी मी इतका थकलो होतो की ते खोटं मला उचलवेना.

"बाहेरून नाही," मी म्हणालो. "ती म्हणते तसंच. मी नाही केलं हे. तिनं केलंय." आणि एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच बाहेर पडलं, क्लाइव्ह, शेड, वाकवलेलं धुराडं, गोंदाचे थेंब. शेवटी बिस्किटापर्यंत आलो तेव्हा लोक खुर्च्यांवर बसले होते.

हेपवर्थनी इंजिन रुमालासकट टेबलावर ठेवलं. "म्हणजे तुम्ही एक धड इंजिन विकत घेतलंत," ते सावकाश म्हणाले, "आणि ते मुद्दाम बिघडवलंत?"

"हो."

"बिन्सकडे चाळीस आहेत. पण त्यानं आजवर एकही बिघडवलेलं नाही," ते म्हणाले. डबाफोड्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द. क्लाइव्हची छाती फुगली.

मग मी त्यांची पेन्सिल मागून घेतली, कार्डावरचं माझं नाव खोडलं आणि खाली लिहिलं, ॲव्हरिल मर्गट्रॉइड. अकरा वर्षांत माझ्या हातून झालेलं हे पहिलं नीट काम. टाळ्या पडल्या, बिस्किटाच्या दिवशी पडल्या होत्या त्याच्या दुप्पट. ॲव्हरिल व्यासपीठावर गेली, कप घेतला, आणि सगळ्या क्लबाला एकदम एकच प्रश्न पडला. बंबामागे कोणीच नव्हतं. अठरा माना माझ्याकडे वळल्या.

मी जाऊन चहा ओतायला लागलो.

घरी परतताना चढावर मी विचारलं, "कधी केलंस ग?"

"तू शेडमध्ये असायचास तेव्हा. तीन आठवडे लागले. त्यातला एक तुझं जुनं सोल्डर काढण्यात गेला."

"पण का? तू गप्प बसली असतीस तर खोली तुझीच होती."

कप तिनं पर्समध्ये मावत नाही म्हणून काखेत धरला होता. "अकरा वर्षं त्या खोलीतून तुझे सुस्कारे ऐकत्येय मी," ती म्हणाली. "छप्पर पडलं की एक, धुराडं पडलं की दोन. मला वाटलं, एकदाचं ते उभं राहू दे. मग खोली कोणाची का असेना. मग परवा कात्री आणायला शेडमध्ये गेले आणि तू त्या दुसऱ्याचं काय केलंयस ते पाहिलं. ते आपल्या आडनावाखाली बाहेर जाऊ द्यायला मला लाज वाटली. म्हणून खोक्यातलं बदललं."

मी तिच्या काखेतला कप घेतला आणि घरापर्यंत मी वाहिला.

आता मागची खोली ॲव्हरिलची आहे. तिथं चांगलं भक्कम टेबल आहे, चार पायांचं. ती क्लबची विसावी सभासद आहे, मंगळवारी हेपवर्थ तिच्या शेजारी बसतात, आणि बिस्किटांचा डबा सगळ्यात आधी तिच्याकडे जातो. मला दुपारी दोन ते चार खोलीत बसायची परवानगी आहे. फक्त गाडी चालवायची, हात लावायचा नाही. खरं सांगू का, मजा येते. क्लाइव्हच्या चेहऱ्यावर सुरकुत्या का नाहीत ते मला आता कळायला लागलंय.

या वर्षीच्या प्रदर्शनात ॲव्हरिलनं नवशिक्यांसाठी एक वेगळं टेबल मांडलं होतं. त्यावर मधोमध, भिंगाखाली, एक इंजिन होतं. धुराडं डावीकडे झुकलेलं, दांडी लाटेसारखी, रंगात ब्रशचे दोन केस. दिवसभर त्या टेबलापुढे सर्वांत मोठी रांग होती. मी चहाचा ट्रे घेऊन तिथून जात होतो तेव्हा थांबून कार्ड वाचलं. तिच्या सुबक अक्षरात वर लिहिलं होतं, 'असे करू नये.' आणि खाली, अकरा वर्षं मी ज्या शब्दासाठी झुरलो तो शब्द, आणि त्याच्यापुढे, कोणीही न खोडलेलं, माझं पूर्ण नाव.